टोमॅटोची घरगुती साठवण

टोमॅटोची घरगुती साठवण म्हणजे हंगामात मुबलक आणि स्वस्त मिळणारे टोमॅटो रस, गर, सॉस, चटणी, लोणचे, वाळवण किंवा गोठवण या रूपांत घरच्या घरी टिकवून ठेवणे होय. थंड हवामानाच्या देशांत ही साठवण हिवाळ्यासाठी केली जाते. महाराष्ट्रात मात्र हिवाळा हाच टोमॅटोच्या मुबलकतेचा काळ असल्याने हे काम साधारणतः डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत होते आणि साठवलेला माल पावसाळ्यात उपयोगी पडतो. मराठी घरांतील पापड, कुरडया, सांडगे, लोणची या पावसाळी बेगमीच्या मानाने टोमॅटोची साठवण अलीकडची आहे. तिचे शास्त्रही वेगळे आहे आणि ते समजून न घेता केलेली साठवण धोक्याची ठरू शकते. या लेखात महाराष्ट्रातील पद्धतींचे, आणि स्थानिक उदाहरण म्हणून सांगली-मिरज या जोडशहरांतील विश्रामबाग परिसराच्या परिस्थितीचे वर्णन आहे.

नाव आणि पूर्वपीठिका

टोमॅटो (शास्त्रीय नाव सोलॅनम लायकोपर्सिकम) हे वांगे, बटाटा आणि मिरची यांच्या कुळातील फळ आहे. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात असून मेक्सिकोत त्याची लागवड रुजली. भारतात ते पोर्तुगिजांमार्फत आले. मराठीत 'टोमॅटो' हा शब्द रूढ होण्यापूर्वी त्याला 'वेलवांगे' असेही म्हणत; विदर्भात 'भेदरे' हा शब्द अजूनही कानी पडतो. बंगालीतील 'विलायती वांगे' या अर्थाच्या नावाप्रमाणेच 'वेलवांगे' या मराठी नावातही त्याचे वांग्याशी असलेले नाते दिसते.

जुन्या मराठी स्वयंपाकात आंबटपणासाठी चिंच, आमसूल, कैरी, आंबोशी, लिंबू आणि ताक हे पदार्थ होते. यांपैकी चिंच, आमसूल आणि आंबोशी हे पदार्थ मुळातच वाळवून वर्षभर ठेवले जातात. त्यामुळे आमटीला आंबटपणा देण्यासाठी टोमॅटो टिकवण्याची गरज कोणाला भासली नाही. टोमॅटो आला तो ताज्या भाजीच्या रूपाने, कोशिंबिरीत आणि सारात. रस्सा दाट करण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले. साठवणीचा विचार त्याहूनही उशिरा, म्हणजे फळसंरक्षणाचे वर्ग, गृहविज्ञानाचे अभ्यासक्रम आणि मापे देऊन लिहिलेली पाककृतींची पुस्तके यांच्याबरोबर घरांत शिरला. सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मोजमापाने पाककृती सांगण्याची पद्धत घराघरांत नेली. साठवणीच्या पदार्थांत ही मापाची शिस्त चवीपुरती नसून सुरक्षिततेसाठीही लागते.

हंगाम आणि बाजारभाव

महाराष्ट्रात टोमॅटोची लागवड खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत होते. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत आणि पुणे जिल्ह्यातील नारायणगाव या त्याच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बागायती भागांतही हे पीक घेतले जाते. रब्बी हंगामाचा माल हिवाळ्यात बाजारात येतो. फळ भरदार, रंगाला लाल आणि भावाला स्वस्त असे याच काळात मिळते. जुलै-ऑगस्ट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे देशभरात कमी उत्पादनाचे महिने मानले जातात.

ही तेजी-मंदी किती टोकाची असते हे २०२३ मध्ये दिसले. त्या वर्षी मे महिन्यात भाव इतके पडले की नाशिक आणि जुन्नर भागांतील शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, कारण तोडणीची मजुरी आणि वाहतूक यांचा खर्चही निघत नव्हता. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, किरकोळ बाजारात किलोचा भाव शंभर रुपयांच्या पुढे गेला. केंद्र शासनाने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाटा या तीन पिकांसाठी 'ऑपरेशन ग्रीन्स' ही ५०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली होती; तिच्यामागे हीच अडचण होती. घरगुती साठवणीने शेतमालाचा प्रश्न सुटत नाही. एका कुटुंबाने दहा-वीस किलो टोमॅटोचा रस केल्याने बाजाराला फरक पडत नाही. मात्र मंदीच्या दिवसांत क्रेटने घेतलेला माल त्या कुटुंबाला पावसाळ्यातील तेजीत हात देतो, आणि शेताजवळच्या गावांत घरगुती किंवा बचत गटाची प्रक्रिया चालू असेल तर फेकला जाणारा थोडा माल तरी वाचतो.

विश्रामबाग परिसराची परिस्थिती

विश्रामबाग हा सांगली आणि मिरज यांच्या दरम्यानचा भाग असून विलिंग्डन महाविद्यालय (स्थापना १९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) यांमुळे तो ओळखला जातो. येथील हिवाळा कोरडा असतो. दिवसा ऊन स्वच्छ पडते आणि रात्री गारवा असतो. जिल्ह्याच्या पूर्व भागातील तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांत द्राक्षांचा बेदाणा होतो तो याच कोरड्या हवेच्या बळावर. सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. कृष्णा-वारणा संगमाजवळच्या हरिपूर येथे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे काढली जात.

साठवणीची एवढी जुनी सवय असलेल्या या प्रदेशात टोमॅटोची गोष्ट वेगळी का, हे येथे सांगितले पाहिजे. हळद आणि बेदाणा टिकतात ते त्यांतील पाणी काढून टाकलेले असते म्हणून. लोणचे टिकते ते भरपूर मीठ आणि वर तेलाचा थर यांमुळे. टोमॅटोच्या रसात यांपैकी काहीच नसते. त्याचा ९४ टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असते. त्याला तारणारी गोष्ट एकच, ती म्हणजे त्याचा आंबटपणा, आणि तोही नेहमी पुरेसा नसतो.

दुसरी स्थानिक बाब उंचीची आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर पाणी शंभर अंशांना नव्हे, तर सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. चहाला किंवा भाताला या दोन अंशांचा फरक जाणवत नाही, परंतु बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवण्याचा वेळ त्यामुळे वाढवावा लागतो. साताऱ्यात उंची याहून अधिक आणि महाबळेश्वरी तर कितीतरी अधिक असल्याने तेथे पाणी आणखी कमी तापमानाला उकळते.

आंबटपणा आणि धोका

हवाबंद बाटलीत अन्न टिकते हे फ्रान्समधील निकोला अपेर याने दाखवले आणि १८१० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. अन्न का टिकते हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. त्यामागचे सूक्ष्मजीवांचे कारण पुढे लुई पाश्चरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. उकळल्याने बुरशी, यीस्ट आणि बहुतेक जिवाणू मरतात, आणि बाटली हवाबंद असल्याने नवे आत येत नाहीत. या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचा. तो मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवा नसलेली जागाच त्याला मानवते. म्हणजे बाटली जितकी नीट हवाबंद, तितकी त्याला सोय अधिक. वाढताना तो जे विष तयार करतो त्याने बॉट्युलिझम हा आजार होतो. त्यात पापण्या जड होणे, दोन-दोन दिसणे, गिळता न येणे आणि अखेर श्वासाचे स्नायू लुळे पडणे अशी लक्षणे दिसतात. भारतात या आजाराची नोंद विरळ आहे. १९९६ मध्ये गुजरातमध्ये निवासी शाळेतील विद्यार्थ्यांत झालेला उद्रेक (त्यात याच वर्गातील दुसरा जिवाणू सापडला होता) हे त्याचे नोंदलेले उदाहरण आहे.

या जिवाणूला आंबट पदार्थात वाढता येत नाही. आंबटपणा मोजण्याच्या सामू या मापावर ४.६ ही सीमारेषा मानली जाते. सामू त्याहून कमी, म्हणजे पदार्थ अधिक आंबट असेल, तर उकळत्या पाण्याची प्रक्रिया पुरते. त्याहून जास्त असेल तर दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवणे आवश्यक ठरते. टोमॅटोचा सामू साधारण ४.२ ते ४.९ असतो, म्हणजे हे फळ नेमके सीमारेषेवर बसते. एकाच क्रेटमधील काही फळे रेषेच्या अलीकडे आणि काही पलीकडे असू शकतात. अतिपिकलेल्या, डागी किंवा रोगाने सुकलेल्या झाडावरील फळांचा आंबटपणा आणखी कमी असतो. चवीवरूनही अंदाज येत नाही, कारण जिभेला जाणवणारा गोडवा पुष्कळदा साखरेमुळे असतो, आम्ल कमी असल्यामुळे नव्हे.

म्हणून बाटलीबंद करायच्या टोमॅटोत बाहेरून आम्ल घालणे हा नियम आज सर्वत्र मान्य आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शिकेनुसार सुमारे अर्ध्या लिटरच्या (४७३ मिलिलिटर) बरणीत एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस किंवा पाव लहान चमचा लिंबूसत्त्व घालावे, आणि सुमारे एक लिटरच्या (९४६ मिलिलिटर) बरणीत याच्या दुप्पट घालावे. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. स्वयंपाकघरातील पोह्यांचा चमचा हे माप नव्हे. बाटलीतील लिंबूरसाचा आग्रह धरला जातो तो त्याचा आंबटपणा ठरावीक असतो म्हणून. बाजारातील कागदी लिंबू हंगामाप्रमाणे कमी-अधिक आंबट असते. त्यामुळे महाराष्ट्रातील घरांत पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळणारे लिंबूसत्त्व हाच सोयीचा पर्याय आहे. चव फार आंबट वाटल्यास वापरताना चिमूटभर साखर किंवा गूळ घालता येतो. आम्ल कमी करू नये.

काही रूढ समजुतींचा विचारही येथे आवश्यक आहे. चवीपुरते मीठ टिकाऊपणा देत नाही. सांगली ही हळदीची पेठ असली तरी हळद घातल्याने बाटलीतील रस सुरक्षित होत नाही. चिंचेचा कोळ आंबट असतो, पण त्याचे प्रमाण ठरलेले नसल्याने तो लिंबूसत्त्वाची जागा घेऊ शकत नाही. घरातील शिट्टीचा कुकर म्हणजे दाबाखाली बाटल्या प्रक्रिया करण्याचे यंत्र नव्हे. त्या यंत्रात दाब मोजण्याची आणि हळूहळू थंड होऊ देण्याची व्यवस्था असते आणि प्रक्रियेचा वेळ त्या मोजमापावर ठरवलेला असतो.

फळांची निवड

साठवणीसाठी गरदार, कमी बियांचे, पूर्ण लाल पण टणक फळ चांगले. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी येथील 'भाग्यश्री' हा वाण रंगद्रव्याचे (लायकोपीनचे) प्रमाण अधिक असल्याने प्रक्रियेस योग्य मानला जातो. बाजारात मात्र बहुधा जाड सालीचे, दूरच्या वाहतुकीसाठी निवडलेले संकरित टोमॅटो मिळतात. ते वाळवण्यास आणि गोठवण्यास ठीक. सारासाठी आणि रसासाठी गावठी टोमॅटो चवीला सरस, मात्र पातळ असल्याने आटवण्यास वेळ अधिक लागतो. 'वाया जाण्यापेक्षा बाटलीत घालू' म्हणून सडके, फुटलेले फळ वापरणे ही या कामातली सर्वांत महाग काटकसर आहे. बुरशी आलेला भाग कापून टाकला तरी त्या फळाचा आंबटपणा आधीच उतरलेला असतो.

बाटलीबंद रस आणि गर

फळे धुऊन, देठाचा कठीण भाग काढून चिरतात. चिरलेल्या फोडी तशाच ठेवल्या तर फळातील विकरे पेक्टिनचे विघटन करतात आणि रस पातळ होऊन पाणी वेगळे सुटते. म्हणून थोड्या फोडी आधी उकळत ठेवून बाकीच्या चिरल्याबरोबर त्यांत टाकत जावे; रस दाट आणि रंगाने लाल राहतो. भांडे स्टीलचे असावे. टोमॅटोचे आम्ल ॲल्युमिनियमला आणि कल्हई उडालेल्या पितळेला खाते आणि रस कळकतो.

शिजलेल्या फोडी साल व बिया वेगळ्या करण्यासाठी गाळतात. मराठी घरांत या कामाला पुरणयंत्र फार उपयोगी पडते. बारीक जाळी लावून गर फिरवला की साल वर राहते. मिक्सरमध्ये वाटून मग गाळल्यास बियांचा तुरटपणा रसात उतरतो आणि हवा मिसळून रंग फिका होतो. गाळलेल्या रसात सुमारे पाच टक्के घनपदार्थ असतात. तो आटवून निम्मा केला की गर (प्युरी) तयार होतो. भारतीय मानकांत टोमॅटो प्युरीसाठी किमान ९ टक्के आणि पेस्टसाठी किमान २५ टक्के घनपदार्थ सांगितले आहेत. घरगुती शेगडीवर पेस्टपर्यंत आटवणे परवडत नाही, आणि बुडाशी करपण्याचा धोकाही असतो.

उकळत्या पाण्याच्या प्रक्रियेत गरम रस आम्लासह गरम बरणीत वर सुमारे दीड सेंटिमीटर जागा सोडून भरतात, काठ पुसून झाकण लावतात आणि बरण्या खोल पातेल्यात, तळाशी जाळी किंवा जाड फडके घालून, झाकणावर किमान एक इंच पाणी राहील अशा ठेवतात. पाणी खळखळून उकळू लागल्यापासून वेळ मोजावा. गरम भरलेल्या टोमॅटोरसासाठी ३०० मीटर उंचीपर्यंत अर्ध्या लिटरला ३५ मिनिटे पुरतात; सांगली-साताऱ्याच्या उंचीवर हाच वेळ ४० मिनिटे होतो, आणि सुमारे एक लिटरच्या बरणीला ४५ मिनिटे लागतात. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी त्यात आणखी पाच मिनिटे मिळवावीत.

हा हिशेब दोन तुकड्यांच्या धातूच्या झाकणाच्या, जाड काचेच्या बरण्यांसाठी केलेला आहे. अमेरिकेत जॉन मेसन याने १८५८ मध्ये फिरकीच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले. आजच्या बरण्या त्याच वंशातल्या आहेत. भारतात त्या आता मिळतात, पण बहुतेक घरांत जॅमच्या किंवा कॉफीच्या रिकाम्या बाटल्याच वापरल्या जातात. त्यांच्या झाकणातील रबरी अस्तर एकदा वापरल्यानंतर नीट बसेलच असे नाही आणि पातळ काच उकळताना तडकते. अशा बाटल्यांतील रस कपाटात न ठेवता फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावा, हे उत्तम. लोणच्याची चिनी मातीची बरणी आणि तिला बांधलेला दादरा हे साधन लोणच्यासाठी चांगले आहे. टोमॅटोरसासाठी ते उपयोगाचे नाही.

कांदा, लसूण, मिरची, तेल किंवा पीठ घालून केलेली तयार ग्रेव्ही या पद्धतीने बाटलीबंद करू नये. भाज्यांमुळे आंबटपणा उतरतो, आणि तेल व पीठ यांमुळे उष्णता आतपर्यंत पोहोचत नाही. मराठी स्वयंपाकात फोडणी आधी पडते. साठवणीत मात्र नुसता रस ठेवावा आणि फोडणी वापरायच्या दिवशी द्यावी.

सॉस

टोमॅटो सॉस (केचप) अधिक टिकतो, कारण त्यात साखर, मीठ आणि व्हिनेगर यांची एकमेकांना जोड मिळते. फळसंरक्षणाच्या वर्गांत शिकवले जाणारे प्रमाण साधारण असे: गाळलेला रस १ किलो, साखर ७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, कांदा ५० ग्रॅम, आले १० ग्रॅम, लसूण ५ ग्रॅम, तिखट ५ ग्रॅम, दालचिनी-वेलदोडा-जिरे-मिरी-बडीशेप मिळून १० ग्रॅम, ५ लवंगा आणि व्हिनेगर २५ मिलिलिटर. कांदा, आले, लसूण आणि मसाले भरड कुटून मलमलीच्या पुरचुंडीत बांधून रसात सोडतात आणि अधूनमधून दाबतात, म्हणजे अर्क उतरतो पण सॉस काळपट होत नाही. साखरेचा तिसरा भाग सुरुवातीला घालतात, त्याने रंग टिकतो. उरलेली साखर आणि मीठ शेवटी घालतात. व्हिनेगर अगदी अखेरीस, कारण आधी घातल्यास ते वाफेबरोबर उडून जाते आणि ज्यासाठी ते घालायचे तो आंबटपणाच उरत नाही.

मिश्रण मूळ रसाच्या तिसऱ्या हिश्शाइतके आटले की सॉस झाला समजावा. बशीत थेंब टाकून भोवती पाणी सुटते का ते पाहण्याची जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे. संरक्षक म्हणून सोडियम बेंझोएट वापरायचे असल्यास तयार सॉसच्या किलोला पाव ग्रॅम, थोड्या गरम पाण्यात विरघळवून, शेवटी मिसळतात. केचपमध्ये बेंझोइक आम्लाची कायदेशीर कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ७५० भाग आहे. 'चिमूटभर' हे माप या बाबतीत चालत नाही. सरबतांत वापरले जाणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टोमॅटोत वापरत नाहीत, कारण त्याने लाल रंग उडतो. बाटल्या उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून, कोरड्या करून, सॉस गरम असतानाच गळ्यापर्यंत भरतात. शिबिरांत व बचत गटांत हातयंत्राने पत्र्याची बुचे बसवून बाटल्या पुन्हा अर्धा तास गरम पाण्यात ठेवण्याची पद्धत आहे.

वाळवण

सांगली परिसराच्या हवेला सर्वांत मानवणारी आणि खर्चाला सर्वांत कमी पद्धत वाळवण्याची. टोमॅटोच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून, थोडे मीठ लावून, स्टीलच्या जाळीवर किंवा स्वच्छ धोतरावर एकमेकींना न चिकटतील अशा पसरतात आणि वर मलमल घालतात. गच्चीवर स्वच्छ उन्हात तीन ते पाच दिवस लागतात. रात्री चकत्या घरात घ्याव्यात, नाहीतर दव पडून दिवसाचे काम फुकट जाते. बेदाण्याप्रमाणे येथेही वाऱ्याचे महत्त्व उन्हाइतकेच आहे. ढगाळ हवेत सुरुवात करू नये, कारण पहिल्या दिवशी चकतीचा ओलावा न सुकल्यास बुरशी येते. चकती वाकवली असता चिवट चामड्यासारखी लागते ती थोड्या दिवसांत वापरण्याची. वर्षभर ठेवायची असल्यास ती कडकडीत वाळून तुटली पाहिजे. सुमारे पंधरा ते वीस किलो टोमॅटोंचे एक किलो वाळवण होते, हे पाहून पहिल्यांदा करणाऱ्याची निराशा होते. कडक वाळलेल्या चकत्यांची भुकटी पावसाळ्यात हवेतील दमटपणा ओढून घेते आणि तिचा गोळा होतो. म्हणून चकत्याच ठेवाव्यात आणि लागेल तेवढी भुकटी करावी.

अर्धवट वाळलेले टोमॅटो तेलात, विशेषतः लसणासह, बुडवून बाहेर ठेवण्याची अलीकडची हौस टाळावी. तेलाखाली हवा नसते, आणि लसूण हा कमी आंबट कंद मातीतून आलेला असतो. बॉट्युलिझमला लागणाऱ्या सर्व अटी तेथे पूर्ण होतात.

लोणचे आणि चटणी

टोमॅटोचे लोणचे ही मूळची तेलुगू भाषक प्रदेशाची खासियत असून तिथून ती सीमावर्ती मराठी भागांत आली. फोडींना मीठ लावून सुटलेले पाणी वेगळे ठेवतात, फोडी उन्हात वाळवतात, त्याच पाण्यात चिंच भिजवतात आणि मग सर्व एकत्र वाटून तिखट, मेथी, मोहरी व भरपूर तेलाची फोडणी देतात. येथे पाणी कमी होणे, मीठ आणि चिंच या तिन्हींची जोड मिळते. न वाळवता, फोडी तेलात परतून केलेले लोणचे हे वस्तुतः चटणीच असते आणि ते फ्रिजमध्येच ठेवावे लागते. हिरव्या टोमॅटोची तीळ किंवा दाण्याचे कूट घालून केलेली चटणी चार-सहा दिवसांची असते. तिला साठवण म्हणणे धाडसाचे.

गोठवण

फ्रीझर असलेल्या घरांत टोमॅटो गोठवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. धुऊन कोरडी केलेली फळे अखंड पिशवीत घालून उणे १८ अंशांना ठेवावीत; वापरताना कोमट पाण्यात धरली की साल सहज निघते. फळ मऊ पडत असल्याने ते कोशिंबिरीला चालत नाही, रश्शाला व साराला चालते. कमी आंबटपणाचा धोका गोठवलेल्या अवस्थेत उरत नाही, त्यामुळे परतलेला कांदा-लसूण घातलेली ग्रेव्ही साठवायची असेल तर तिची जागा येथेच. या पद्धतीची सारी मदार विजेवर आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीच्या अनेक भागांतील वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा प्रसंगी वितळून कोमट झालेला माल पुन्हा गोठवून वापरू नये.

बिघडलेला माल ओळखणे

झाकण फुगणे, उघडताना फेस किंवा वायू येणे, रस आपोआप गळणे, आंबूस वास, पृष्ठभागावर बुरशी ही बिघाडाची लक्षणे आहेत. वरची बुरशी चमच्याने काढून खालचा रस वापरण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. ती सोडणे आवश्यक आहे, कारण बुरशी रसातील आम्ल खाऊन टाकते आणि तिच्याखाली आंबटपणा सीमारेषेच्या पलीकडे गेलेला असू शकतो. बॉट्युलिनमच्या विषाला रंग, वास किंवा चव नसते. त्यामुळे संशयित पदार्थ चाखून पाहू नये आणि गुरांनाही घालू नये. हे विष उष्णतेने नष्ट होते, म्हणून घरी बाटलीबंद केलेला रस वापरण्यापूर्वी दहा मिनिटे उकळण्याची खबरदारी सांगितली जाते. मात्र बिघाडाची चिन्हे दिसणारा माल उकळूनही वापरू नये.

इतर देशांत

इटलीत ऑगस्टमध्ये सारे कुटुंब एकत्र जमून वर्षभराचा टोमॅटो रस (पास्साता) बाटल्यांत भरण्याची प्रथा आहे. आपल्याकडील एकत्र पापड लाटण्याच्या दिवसाशी तिचे साम्य आहे. रशिया व पूर्व युरोपात अखंड टोमॅटो शेपू व लसूण घालून खारवतात. तुर्कस्तानात गर उन्हात आटवून घट्ट पेस्ट करतात. या सर्व ठिकाणी पुढे हिवाळ्याचे महिने असतात.

विक्री आणि कायदा

घरी केलेला सॉस किंवा रस विकायचा असल्यास तो अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेत येतो. पूर्वी यासाठी फळ उत्पादन आदेश, १९५५ लागू होता. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अमलात आल्यावर तो रद्द झाला. टोमॅटो केचपमध्ये किमान २५ टक्के घनपदार्थ असावेत असे मानक आहे. लहान उत्पादकांनाही नोंदणी आवश्यक असून बाटलीवर घटक, उत्पादनाची तारीख आणि वापरलेले संरक्षक यांची नोंद करावी लागते.